पन्नास किलोमीटरची त्रिज्या

स्ट्रेप्टोमायसिनने क्षय आटोक्यात येतो हे ब्रिटनमध्ये सिद्ध झाले, त्यात बंद पाकिटांचा वाटा औषधाइतकाच मोठा होता. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने 1947 साली सुरू केलेल्या चाचणीत 107 रुग्ण होते. 55 जणांना औषध आणि विश्रांती, 52 जणांना त्या काळच्या रीतीप्रमाणे फक्त विश्रांती. कोण कोणत्या गटात जाणार हे वॉर्डातल्या डॉक्टरच्या हाती ठेवलेच नव्हते. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी केलेली वाटणी चिठ्ठ्यांवर उतरवून पाकिटांत बंद केलेली होती. पाकिटावर बाहेर रुग्णालयाचे नाव आणि क्रमांक, एवढेच. रुग्ण चाचणीत घ्यायचा असे ठरले की मगच मध्यवर्ती कार्यालयात त्या क्रमांकाचे पाकीट उघडले जाई. क्ष-किरण चित्रे वाचणाऱ्यांनाही रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक नसे. सहा महिन्यांत पहिल्या गटातले 4 रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातले 14. या चाचणीचा अहवाल 30 ऑक्टोबर 1948 रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

त्याच 1948 साली गायक कुमार गंधर्व क्षयाने ग्रासलेले शरीर घेऊन माळव्याच्या कोरड्या हवेसाठी देवासला आले. 1952च्या सुमारास त्यांना स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागले आणि 1953 साली ते पुन्हा मैफलीत गायला बसले. पत्नी भानुमतीबाईंची शुश्रूषा देवासकरांच्या आठवणीत आहे आणि ती राहिलीच पाहिजे. पण त्या औषधावर भरवसा ठेवता आला तो पाकिटे सांभाळणारे कारकून, चित्रे वाचणारे तज्ज्ञ आणि नोंदी लिहिणाऱ्या परिचारिका यांच्यामुळे. त्यांची नावे कोणाला माहीत नाहीत. वैद्यकीय चाचणीची साहाय्यक व्यवस्था म्हणतात ती हीच, आणि चाचणीचा खरेखोटेपणा तिच्यावर ठरतो.

आज त्याच माळव्यातून, म्हणजे धार जिल्ह्यातले पीथमपूर आणि देवासची औद्योगिक वसाहत इथून, औषधे देशात आणि परदेशात जातात. पीथमपूरला गाड्यांची परीक्षा घेण्यासाठी 11.3 किलोमीटरचा लंबवर्तुळाकार वेगमार्ग 2021 साली खुला झाला. वाहनाच्या परीक्षेसाठी एवढी जमीन आणि एवढा पैसा लागतो हे सर्वांना पटते. औषधाच्या परीक्षेला मात्र एक डॉक्टर, एक खोली आणि कपाटभर फायली पुरतात अशी समजूत अजून आहे. ती चुकीची आहे, आणि तिची किंमत रुग्ण मोजतो.

चाचणी-केंद्राला, म्हणजे बोलीत ‘साइट’ला, पहिली गरज असते औषधाच्या कोठाराची. चाचणीचे औषध रुग्णालयाच्या नेहमीच्या साठ्यात मिसळून चालत नाही. त्याला वेगळी कुलूपबंद खोली, चोवीस तास तापमान नोंदवणारे यंत्र आणि वीज गेली तर आपोआप सुरू होणारे जनित्र लागते. बहुतेक लसी 2 ते 8 अंशांतच राहिल्या पाहिजेत; रक्तद्रवाचे नमुने उणे 20 किंवा उणे 80 अंशांत. मे महिन्यात माळव्यात वीज दोन तास गेली आणि शीतपेटीतले तापमान 12 अंशांवर चढले, तर तो साठा बाजूला काढून कळवावे लागते. ही गोष्ट दडवली तर पुढचा प्रत्येक आकडा खोटा. गोळ्यांचा हिशेबही तसाच कडक: किती आल्या, किती दिल्या, रुग्णाने किती परत आणल्या, किती नष्ट केल्या. देवासने 1974 पासून बँक नोट प्रेस पाहिला आहे. कागदाच्या एकेका तावाचा हिशेब म्हणजे काय हे या गावाला वेगळे सांगायला नको.

प्रयोगशाळा, ईसीजी, नोंदींचे दफ्तर यांबद्दल थोडक्यात इतकेच की यंत्रांची तपासणी वेळच्या वेळी झालेली असावी, आणि चाचणी संपल्यावरही कागद वर्षानुवर्षे वाळवीपासून आणि ओलीपासून सुरक्षित राहावेत.

खरा प्रश्न माणसांचा आहे. साइट चालते ती समन्वयकावर, म्हणजे सीआरसीवर. प्रमुख डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात गुंतलेला असतो. रुग्णाला फोन करणे, बसभाडे देणे, रक्त वेळेवर काढून घेणे, प्रत्येक तक्रार लिहून ठेवणे हे सगळे समन्वयक करतो. गंभीर अपाय झाला तर 24 तासांच्या आत केंद्रीय औषध नियंत्रक, प्रायोजक आणि चाचणीला मंजुरी देणारी नीतिमत्ता समिती यांना कळवण्याची जबाबदारी डॉक्टरची. पण रात्री दोन वाजता रुग्णाचा मुलगा फोन करतो तो समन्वयकालाच. या माणसाला सहा-सहा महिन्यांच्या करारावर, चाचणी संपली की घरी, अशा रीतीने ठेवणे ही या क्षेत्राची मोठी चूक आहे.

धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. घरात भिली किंवा भिलाली, बाजारात निमाडी किंवा माळवी, दवाखान्यात हिंदी. संमतिपत्रक मात्र इंग्रजीतून हिंदीत आलेले असते. ‘तुम्हाला कोणत्या गटात घालायचे हे डॉक्टर ठरवणार नाही’ हे वाक्य भिलीत सांगणारा माणूस साइटवर नसेल, तर खालच्या अंगठ्याला अर्थ नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार कायद्यानेच लागतो. तो रुग्णालयाचा शिपाई असू नये. आणखी एक गोष्ट पंचांगाची. दिवाळीनंतर घरेच्या घरे मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि होळीआधी भगोरियाला परततात. ज्या चाचणीच्या फेरतपासण्या डिसेंबर-जानेवारीत ठेवल्या आहेत, तिचे रुग्ण गळणारच. वहीत मग ‘रुग्ण आला नाही’ अशी नोंद होते. खरे तर चुकलेले असते वेळापत्रक.

हे सारे किती महत्त्वाचे, ते शेजारच्या इंदूरने देशाला दाखवले. तिथल्या चाचण्यांविषयीच्या तक्रारींनंतर इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने 2012 साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने 3 जानेवारी 2013 रोजी नव्या रासायनिक औषधांच्या चाचण्या केंद्रीय आरोग्य सचिवांच्या देखरेखीखाली आणल्या. त्याच वर्षी भरपाईचे आणि नीतिमत्ता समित्यांच्या नोंदणीचे नियम आले. नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल घटकांतील रुग्णाची संमती घेतानाचे दृकश्राव्य चित्रण सक्तीचे झाले. पुढे 19 मार्च 2019 रोजी नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमावली लागू झाली. माळव्यातल्या रुग्णांच्या प्रश्नावरून सुरू झालेल्या लढ्याने सगळ्या देशाचे नियम बदलले, ही या प्रदेशाची मिळकत आहे.

याच नियमावलीत धार आणि देवास यांच्यात फरक पाडणारी एक तरतूद आहे. साइटला स्वतःची नीतिमत्ता समिती नसेल तर दुसरीकडची समिती मंजुरी देऊ शकते. मात्र ती त्याच शहरातली किंवा 50 किलोमीटर त्रिज्येतली हवी. देवास इंदूरपासून 35 किलोमीटरच्या आसपास, पीथमपूर त्याहून जवळ. धार सरळ रेषेतही 50च्या पलीकडे. म्हणजे देवासचे रुग्णालय इंदूरच्या समितीकडे जाऊ शकते, धारच्या जिल्हा रुग्णालयाला ती वाट नाही. अट योग्य आहे. जी समिती साइटवर अचानक जाऊन पाहू शकत नाही तिची मंजुरी कागदोपत्रीच राहते. पण अटीचा परिणाम असा की ज्या जिल्ह्यात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत तिथून चाचणी दूर राहते. 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाची किती मात्रा आपल्या रुग्णांना पुरते यासारख्या प्रश्नांची उत्तरे भिल्ल पट्ट्यातच मिळतील, मुंबईच्या वॉर्डात नाहीत.

खेड्यात चाचणी होत नाही असे म्हणणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातले वढू पाहावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने तिथे गावोगाव जन्म-मृत्यूंची नोंद ठेवणारी व्यवस्था आधी उभी केली. म्हणूनच 2011 साली रोटाव्हायरसच्या भारतीय लशीची चाचणी दिल्ली आणि वेल्लोरबरोबर तिथेही होऊ शकली. तीन ठिकाणी मिळून 6,799 बाळे होती आणि क्षेत्रसेवक दर आठवड्याला घरी जात. ही लस 2016 पासून राष्ट्रीय लसीकरणात आली.

धारला सुरुवात यंत्रांपासून नाही, स्वतःच्या नीतिमत्ता समितीपासून करायची आहे. समितीला किमान सात सदस्य लागतात. त्यांत एक स्त्री, एक कायदा जाणणारा, एक सामान्य नागरिक, एक समाजशास्त्र किंवा सामाजिक कामातला माणूस. निम्मे तरी रुग्णालयाबाहेरचे, आणि अध्यक्ष बाहेरचाच. सामान्य नागरिकाच्या जागी भिली बोलणारी व्यक्ती यावी. असे सात जण धारमध्ये आजही आहेत. धारच्या डॉक्टरांनी, वकिलांनी आणि शिक्षकांनी आपली नावे जिल्हा रुग्णालयाकडे द्यावीत, आणि देवासच्या डॉक्टरांनी त्यांना नोंदणीच्या अर्जासाठी हात द्यावा.