मुंबईची वाट मुलींनाही कळू द्या



आजचा माझा विषय अगदी साधा आहे. मुंबईसारख्या परक्या शहरात रेल्वेने आणि बसने कसे फिरावे, एवढेच मी सांगणार आहे. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण जरा विचार करा. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास होते, प्रवेशाच्या यादीत नाव लागते, फीचीही सोय होते, आणि मग घरात प्रश्न निघतो, "तिला घेऊन जाणार कोण?" मामूंना रजा नसते, भाऊ आखातात असतो. कागदपत्रे देण्याची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी बुद्धीअभावी नव्हे, तर सोबतीअभावी शिक्षण थांबते.

आपल्या कोकणातली माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गोदीत आणि जहाजांवर नोकरीला गेली. गाववाल्याच्या खोलीचा पत्ता खिशात आणि विचारण्याची तयारी, एवढ्या भांडवलावर ती शहर शिकली. मग मुलींनाच ते कठीण का वाटावे?

मुंबईत १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. तेव्हापासून हे शहर रेल्वेच्या रुळांभोवती वाढले. म्हणून रूळ समजले की शहर समजते. मुख्य मार्ग तीन. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून अंधेरी, बोरिवली, विरारकडे जाते. मध्य रेल्वे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून भायखळा, दादर, ठाणे, कल्याणकडे जाते. हार्बर मार्ग त्याच टर्मिनसहून निघतो, पण वडाळ्यावरून कुर्ला, वाशी, पनवेलकडे जातो. त्याची गाडी भायखळ्याला किंवा दादरला लागत नाही, हे ध्यानात ठेवा. पश्चिम आणि मध्य रेल्वे यांची गाठ दादरला पडते. तेथे पूल ओलांडून एकीवरून दुसरीवर जाता येते.

आपल्याकडून जाणाऱ्या गाड्या सगळ्या एकाच ठिकाणी संपत नाहीत. तिकिटावर 'लोकमान्य टिळक टर्मिनस' असेल, तर ते कुर्ल्याच्या लोकल स्टेशनापासून वेगळे आहे. म्हणून निघण्यापूर्वीच गाडी कोठे थांबते आणि पुढची लोकल कोठून घ्यायची, हे कागदावर लिहून ठेवा.

उदाहरणे देतो. भायखळ्याच्या साबू सिद्दीक पॉलिटेक्निकला जायचे असेल, तर ठाण्याला किंवा दादरला उतरून मध्य रेल्वेची लोकल धरावी. अंजुमन-ए-इस्लामची इमारत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरच आहे. विद्यापीठाच्या फोर्टमधील कचेरीला चर्चगेट जवळ. पण काम कलिन्याच्या आवारात असेल, तर सांताक्रूझ पूर्वेहून किंवा कुर्ला पश्चिमेहून बस अथवा रिक्षा घ्यावी. 'विद्यापीठ' एवढेच विचारून निघालात, तर भलत्याच टोकाला पोहोचाल!

पत्त्यातील 'पूर्व' आणि 'पश्चिम' हे शब्द कधीही गाळू नका. रूळ दक्षिणोत्तर गेले आहेत. त्यामुळे बहुतेक उपनगरांचे दोन भाग झाले आहेत. चुकीच्या बाजूला उतरलात, तर पुन्हा पूल चढावा लागतो.

फलाटावरील पाटीवर गाडीचे शेवटचे स्टेशन, वेळ, डब्यांची संख्या आणि ती धीमी की जलद हे दिसते. नवख्याने धीमी गाडीच धरावी. ती प्रत्येक स्टेशनवर थांबते. महिलांचे डबे वेगळे असतात, त्यांची जागा फलाटावर दाखवलेली असते. दुसऱ्या वर्गाचे तिकीट घेऊन पहिल्या वर्गात चढू नका, दंड होतो. सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे फार गर्दी असते. सामान असेल तर एखाददुसरी गाडी सोडा. दारात उभे राहू नका, रूळ ओलांडू नका. अडचण आली तर रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे.

बेस्टची बस १९२६ पासून चालते. बसचा क्रमांक आणि ती कोणत्या दिशेला जाते, हे दोन्ही पाहून चढा. थांबा कोठे येईल ते कंडक्टरला विचारा. रिक्षा उपनगरांत मिळते, पण वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस शहरात टॅक्सीच घ्यावी लागते. वाट विचारायची तर पोलीस, तिकीट खिडकी, दुकानदार किंवा महिलांच्या डब्यातील बाई यांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

पालकांनो, एक विनंती आहे. पहिल्या खेपेस मुलीबरोबर अवश्य जा, पण तुम्ही मागे राहा. तिकीट तिने काढावे, पाटी तिने वाचावी, बस तिने शोधावी. परतीच्या प्रवासातही तसेच करा. दुसऱ्या खेपेस ती धाकट्या बहिणीला वाट दाखवील.

संस्था शिष्यवृत्ती देईल, शिक्षक धडे देतील. घरापासून कॉलेजच्या दारापर्यंतचा रस्ता मात्र तुम्हीच तिला मोकळा करून द्यायचा आहे. अल्लाह आपल्या मुलामुलींच्या प्रवासात बरकत देवो. खुदा हाफिज.