बिनखिडकीच्या खोलीतील उष्णता



मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची हवा मुद्दाम दमट ठेवीत. ती सूत तुटू नये म्हणून. माणूस गुदमरला तरी तक्रार नव्हती. आज लहानसहान पतपेढ्यांच्या संगणकखोल्यांत यंत्र आणि माणूस दोघेही उकडतात, एवढीच काय ती समता!

संगणक जेवढी वीज खातो, तेवढी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. २०० वॅटचे दहा संगणक म्हणजे कोंडलेल्या खोलीत २ किलोवॅटची शेगडी. छताचा पंखा ती हवा नुसती ढवळतो. पाण्याचा कूलर नागपुरास शोभतो; आपल्या खाडीकाठी तो घामातच भर घालतो.

पैसा थोडा असेल तर आधी रिकामी चालणारी यंत्रे बंद करा. मग भिंतीत छताजवळ हवा बाहेर फेकणारा पंखा आणि दाराच्या तळाशी जाळी बसवा. यंत्रांची तोंडे दाराकडे, पाठी पंख्याकडे. पनवेलीस २०२० साली योट्टाचे अवाढव्य डेटा सेंटर सुरू झाले. अशा केंद्रांतही थंड व तापलेली हवा एकमेकींत मिसळू न देणे, हाच कारभार असतो.

मात्र पंख्याने खोली बाहेरच्या हवेहून थंड होत नाही. मे महिन्यात एक टनाचे वातानुकूलन यंत्र लागेलच. ते साडेतीन किलोवॅट उष्णता उपसते. ते चालू असताना पंखा बंद आणि जाळी झाकलेली हवी, नाहीतर विकतचा गारवा रस्त्यावर जाईल.

आणि कारकुनाची खुर्ची बहुधा यंत्रांच्या पाठीशीच असते. ती आजच हलवा, आणि थर्मामीटर तिच्याच उंचीवर टांगा.