जहाज थांबत नाही, टॅक्सी आधी ठरवा



आज आम्ही चौघी एकाच माईकसमोर बसलो आहोत. बोलणारी एक असली तरी बोलणं चौघींचं आहे. आमची भिशी बारा जणींची. त्यातल्या आम्ही चौघींनी सहा वर्षं पैसे वेगळे काढले आणि गेल्या वर्षी इटलीहून सुटणाऱ्या जहाजातून आठ दिवसांचा प्रवास केला. परत आल्यावर सगळ्या विचारतात, जहाज कसं होतं, जेवण कसं होतं, समुद्र लागला का. त्याबद्दल पुन्हा कधीतरी बोलू. आज बोलायचं आहे विमानतळ ते बंदर या तासाभराच्या रस्त्याबद्दल. आमचे सहा वर्षांचे पैसे त्या तासाभरात बुडायची वेळ आली होती.

आमच्या तिकिटावर जहाज सुटण्याचं ठिकाण लिहिलं होतं ‘रोम’. आम्ही समजलो, रोमला उतरायचं, रिक्षा करावी तशी टॅक्सी करायची आणि बंदरावर जायचं. शेजारच्या काकूंचा भाचा रत्नागिरीचा, जहाजावर स्वयंपाकघरात नोकरीला आहे. तो सुट्टीवर आला होता. तिकीट बघून म्हणाला, “मावशी, रोम शहरात हे जहाज येत नाही. बंदराचं नाव चिविताव्हेक्या. विमानतळापासून साठ-सत्तर किलोमीटर आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं रोम सांगितलंत तर तो तुम्हाला भलतीकडे नेईल.”

हे फक्त रोमचंच नाही. लंडनचं म्हणून विकलं जाणारं जहाज बहुतेक वेळा साउदॅम्प्टनहून सुटतं. पॅरिसचं म्हणून सांगतात ते ल हाव्रहून, म्हणजे पॅरिसपासून जवळजवळ 200 किलोमीटरवरून. आपल्याकडची पुष्कळ मंडळी सिंगापूरहून जहाजात बसतात. तिथे बंदर शहरातच आहे, पण जहाजाची ठिकाणं दोन आहेत, मरिना बे आणि हार्बरफ्रंट. चुकीच्या ठिकाणी उतरलात तर बॅगा घेऊन पुन्हा टॅक्सी शोधायची. म्हणून तिकिटावर शहराचं नाव वाचून थांबू नका. बंदर कुठलं, टर्मिनल कुठलं, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या.

एवढं कळूनही आम्ही गाडी आधी ठरवली नाही. आमच्यात दोन तट पडले होते. दोघींचं म्हणणं, आगगाडीने जाऊ, चौघींचे मिळूनही थोड्या पैशांत काम होईल. ते खोटं नव्हतं. विमानतळावरून ट्रास्टेव्हेरे स्टेशन, तिथे गाडी बदलून चिविताव्हेक्या, असं जाता येतं. पण तिथल्या स्टेशनापासून बंदर पुढे आहे, आणि बंदराच्या आतही जहाजापर्यंत वेगळी बस लागते. पाठीवर एकच पिशवी असलेल्या तरुण मुलीने असं खुशाल जावं. आमच्यातल्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि माणशी एक मोठी बॅग, एक हातातली. शेवटी “तिथे गेल्यावर बघू” असं ठरलं. मैत्रिणींनो, “तिथे गेल्यावर बघू” हाच आमचा सगळ्यात महाग निर्णय ठरायचा होता.

सकाळी पोहोचणारं विमान मधल्या मुक्कामावर रखडलं आणि दुपारी एकला उतरलं. पासपोर्टची रांग आणि बॅगा यात अडीच वाजले. जहाज सातला सुटणार, पण प्रवासी घेण्याचं दार साडेपाचला बंद होणार होतं. हेही लक्षात ठेवा. जहाज सुटण्याची वेळ वेगळी आणि चढण्याची शेवटची वेळ वेगळी. उशीर झाला तर जहाज थांबत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत.

बाहेर येतो तोच एक गृहस्थ पुढे आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी. “पोर्ट? शिप? सिक्स्टी युरो.” आम्हाला वाटलं, चौघींचे साठ, स्वस्तच की! एकीची बॅग त्याने हातातही घेतली. आम्ही मागोमाग निघालो, टॅक्सी स्टँड सोडून पार्किंगकडे. तिथे एक साधी काळी गाडी उभी. छपरावर टॅक्सीची पाटी नाही, दारावर नंबर नाही, आत मीटर नाही. काकूंनी विचारलं, “सिक्स्टी ऑल?” तो म्हणाला, “नो, नो. वन पर्सन सिक्स्टी.” म्हणजे 240 युरो, शिवाय बॅगांचे वेगळे.

आम्ही तिघी घाबरून घड्याळ बघत होतो. एक म्हणाली, “जाऊ दे गं, वेळ जातोय, बसूया.” तेव्हा काकू आपल्या बॅगेवरच बसल्या आणि म्हणाल्या, “मी इथून हलणार नाही. एस.टी. स्टँडवर असला माणूस आपण उभा केला नसता. इथे त्याला इंग्रजी येतं म्हणून तो खरा का?” त्यांनी त्याच्या हातातली बॅग परत मागितली. त्याने दोन शब्द ऐकवले आणि तो निघून गेला.

आम्ही परत फिरलो आणि दाराबाहेरच्या टॅक्सी स्टँडवर रांगेत उभ्या राहिलो. रोमच्या अधिकृत टॅक्सी पांढऱ्या असतात. छपरावर टॅक्सीची पाटी, दारावर परवान्याचा नंबर, आत मीटर. चार मोठ्या बॅगा साध्या गाडीत मावणार नव्हत्या, म्हणून रांगेतल्या माणसाला हातानेच खूण केली, मोठी गाडी हवी. ती यायला पंधरा मिनिटं लागली. चालकाला आम्ही कागद दाखवला. त्यावर जहाजाचं नाव, बंदराचं नाव आणि टर्मिनल मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. ती रत्नागिरीच्या भाच्याची कृपा. तो म्हणाला होता, “तोंडाने सांगू नका. इटालियनमध्ये पोर्तो म्हणजे बंदर आणि पोर्ता म्हणजे दरवाजा, वेस. रोममध्ये पोर्ता नावाच्या जागा ढिगाने आहेत.”

बॅगा आत ठेवण्याआधी आम्ही वही पुढे केली आणि सगळे मिळून किती ते लिहून घेतलं. आकडा 240 पेक्षा बराच कमी होता. चौघींत वाटला तर ज्या दोघी आगगाडीसाठी भांडत होत्या, त्यांचीही तक्रार राहिली नाही. चारला दहा मिनिटं कमी असताना समुद्राकाठचा जुना किल्ला दिसला आणि काकूंनी पहिल्यांदा पाय लांब केले.

परतीच्या वेळी मात्र आम्ही शहाण्या झालो होतो. गाडी घरून निघण्यापूर्वीच ठरवायला हवी होती, ती आता जहाजावरून ईमेल करून ठरवली. इटलीत चालकासह भाड्याने मिळणाऱ्या खासगी गाड्यांना कायद्याने आधी नोंदणी असावीच लागते. त्यांना रस्त्यावर गिऱ्हाईक शोधता येत नाही. म्हणजे विमानतळावर तुम्हाला हाक मारणारा ‘खासगी गाडीवाला’ तिथेच नियम मोडत असतो. ही एक गोष्ट माहीत असती तर आमची पंधरा मिनिटं वाचली असती.

गाडी ठरवताना आम्ही काय विचारलं ते सांगते, हवं तर लिहून घ्या. भाडं माणशी की गाडीचं? टोल धरून का? विमान उशिरा आलं तर चालक थांबेल का, आणि थांबण्याचे पैसे किती? माणसं किती आणि बॅगा किती, ते आकड्यांत. चालक कुठल्या दाराशी नावाची पाटी घेऊन उभा राहील? त्याचा फोन नंबर काय? पैसे रोख की कार्डाने? या सगळ्याचं उत्तर लेखी हवं, फोनवर नको. विमानतळावरून बंदरावर जायचं असेल तर विमानाचा नंबरही कळवा, म्हणजे उशीर त्यांनाही कळतो.

आणखी एक पर्याय असतो, जहाज कंपनीची बस. ती बहुधा माणशी पैसे घेते, आणि बस भरेपर्यंत थोडं थांबावंही लागतं. पण एकटीने जात असाल किंवा दोघीच असाल, तर टॅक्सीपेक्षा ती स्वस्त पडू शकते, आणि बस थेट जहाजाशी नेते. चौघी-पाच जणी असाल तर गाडीचा हिशेब करून बघा. आमचं विचाराल तर जमत असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा. एका रात्रीच्या मुक्कामाचे पैसे जातात, पण रखडलेल्या विमानाची धास्ती राहत नाही.

टॅक्सीत बसण्याआधी दारावरच्या नंबरचा फोटो काढा आणि विमानतळाच्या वायफायवरून घरी पाठवा. पासपोर्ट, औषधं आणि जहाजाचे कागद डिकीत टाकू नका, मांडीवर ठेवा. सुट्ट्या नोटा जवळ असू द्या.

शेवटचं सांगतो. आमची मुलं म्हणाली होती, “आई, आम्ही इथून सगळं बुक करून देतो.” आम्ही नको म्हटलं, कारण हा प्रवास आम्हाला आमच्या हाताने करायचा होता. घरी आल्यावर गाडीचा किस्सा आम्ही मुलांना आठ दिवस सांगितला नाही. वाटलं, म्हणतील, “बघ, आम्ही सांगत होतो.” मग काकूंनीच सांगितला, आणि मुलगा म्हणाला, “आई, मी असतो तर घड्याळ बघून त्या गाडीत बसलो असतो.”

रिक्षावाल्याशी भाडं ठरवणं, भाजीवालीशी घासाघीस, डब्यात जागा कुठे मिळेल याचा अंदाज, हे शहाणपण आपण रोज वापरतो. परदेशात उतरलो की का कोण जाणे, ते पिशवीच्या तळाशी जातं. ते वर ठेवा, पासपोर्टच्या शेजारी.

पुढच्या वर्षी भिशीतल्या आणखी तिघी निघाल्या आहेत, सिंगापूरहून. काल त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मरिना बे की हार्बरफ्रंट?” आम्हाला फार बरं वाटलं.