पहिले दोन आटे

ड्रिल मशीनच्या टेबलावर चढवता येत नाहीत असे जॉब पुष्कळ असतात. थ्रेशरची चौकट, पंपाची बिडाची बैठक, ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स, साखर कारखान्यात पायावर कायमचे बसलेले एखादे यंत्र. अशा जागी छिद्र हातातल्या ड्रिलनेच पाडावे लागते आणि आटेही हातानेच. ते काटकोनात उतरले नाहीत तर काय होते याचा हिशेब सोपा आहे. 25 मि.मी. जाड पट्टीत ड्रिल दोन अंशांनी कलले, की पलीकडच्या अंगाला छिद्र जवळपास 0.9 मि.मी. बाजूला निघते. बोल्टचे डोके एका कडेवर टेकते, आवळताना बोल्ट वाकतो, आणि सतत हादरे बसणाऱ्या यंत्रावर तो नेमका डोक्याखाली तुटतो. बोल मात्र बोल्टच्या मालाला लागतो.

हात स्थिर नाही म्हणून छिद्र वाकडे गेले, असा सार्वत्रिक समज आहे. तो निम्माच खरा. छिद्राची दिशा पहिल्या दोन-तीन मिलिमीटरांत ठरते आणि आट्यांची दिशा टॅपच्या पहिल्या दोन फेऱ्यांत. नांगरटीत पहिले तास वाकडे पडले की पुढची सगळी तशीच पडतात, कारण एक बैल आधीच्या तासातूनच चालत असतो. नंतर कासरा ओढून काही साधत नाही; बैल अडखळतो, तास मात्र जागेवरच राहते. टॅपही असाच स्वतः पाडलेल्या आट्यांत पाय रोवून पुढे जातो. M8 चा टॅप एका फेऱ्यात 1.25 मि.मी. उतरतो, तो दाबामुळे नव्हे, मागच्या आट्यांच्या आधाराने. मधेच त्याला सरळ करायला गेले तर पहिले आटे फाटतात, नाहीतर टॅपच मोडतो.

म्हणून खरी मेहनत ड्रिल सुरू करण्याआधीची. पृष्ठभाग मोरचुदाच्या पाण्याने पुसला की पोलादावर तांब्याचा पातळ थर बसतो आणि आखणीची रेघ त्यावर लख्ख दिसते. बिडाच्या खडबडीत ओतिवावर चुना पुरतो. रेघा छेदतात तिथे आधी 60 अंशांच्या बारीक पंचाने टिंब घ्यावे, ते नीट पडल्याची खात्री करून मग 90 अंशांच्या सेंटर पंचाने खोल करावे. ड्रिलच्या टोकाला मधोमध जी आडवी धार असते ती कापत नाही, नुसती रेटते. बसायला खळगा मिळाला नाही तर ती भटकते.

यापुढचा सगळा भार ठोकळ्यावर. बाजारात तयार गाइड मिळतात, पण लेथवाल्याकडून करून घेतलेला ठोकळा अधिक भरवशाचा. 30 मि.मी. व्यासाच्या गोल सळईचे तोंड लेथवर साफ करायचे आणि चकमधून न सोडता त्याच बांधणीत मधोमध ड्रिल करायचे. सळई मधे सोडून पुन्हा धरली तर सगळा खटाटोप फुकट जातो. तोंड आणि छिद्र यांचा काटकोन एकाच बांधणीतून येतो. मग 25 मि.मी. लांबीचा तुकडा कापून, साफ केलेले तोंड खाली ठेवून तो जॉबवर सी-क्लॅम्पने आवळायचा. कोणते तोंड खाली हे कळण्यासाठी खूण वरच्या बाजूला करावी, खालच्या नव्हे. खालच्या तोंडावर पंच मारला की त्याचा उंचवटाच ठोकळा कलता करतो. ही गोष्ट क्षुल्लक वाटते आणि म्हणूनच चुकते.

M8 साठी ड्रिल 6.8 मि.मी.चे: व्यासातून पिच वजा, म्हणजे 6.75, आणि बाजारात मिळते 6.8. M6 ला 5, M10 ला 8.5. मऊ पोलादात 6.8 च्या ड्रिलला मिनिटाला हजार-बाराशे फेरे पुरतात. हातातले ड्रिल पूर्ण वेगाने सोडण्यात शहाणपणा नाही. पाच-सहा मि.मी. खोल गेल्यावर ठोकळा काढला तरी चालतो. वाट पडलेली असते. पलीकडे टोक फुटायच्या सुमारास दाब कमी करावा, नाहीतर ड्रिल अडकून मनगट पिरगाळते.

ठोकळा मिळालाच नाही तर गुण्या. पण एक गुण्या पुरत नाही. माणसाच्या डोळ्याला डावी-उजवीकडचा कल चटकन दिसतो, पुढे-मागेचा दिसत नाही. दुसरा गुण्या पहिल्याशी काटकोनात उभा करून दुसऱ्या माणसाने बाजूने पाहावे. पृष्ठभाग चकचकीत असेल तर ड्रिल आणि त्याचे प्रतिबिंब दोन्ही दिशांनी एका रेषेत दिसले पाहिजे. या पद्धतीत आधी 3 मि.मी.चे छिद्र घेतात. तेच वाकडे गेले तर मोठे ड्रिल निमूटपणे त्याच्या मागे जाते.

आता टॅप. छिद्राच्या तोंडाला काउंटरसिंक दिला की सुरुवात सोपी होते आणि कडेला बुर उठत नाही. टॅपलाही ठोकळा हवा, मात्र त्याचे भोक M8 साठी 8.2 मि.मी.चे. तो नसेल तर M8 चा चांगला, तोंड साफ असलेला नट टॅपवर चढवून जॉबवर सपाट दाबून धरावा. टॅप नटातून फिरत खाली उतरतो आणि काटकोन नट सांभाळतो. तीन टॅपच्या संचातला निमुळता टॅप आधी. दोन फेरे झाल्यावर थांबून रेंच काढावा आणि गुण्या दोन्ही बाजूंनी लावून पाहावा. या दोन फेऱ्यांनंतरच तपासायचे, दहा फेऱ्यांनंतर नाही. तोवर तास पडून गेलेले असते.

रेंचवर दोन्ही हातांचे बळ सारखे हवे. टॅपच्या चौकोनाला पाना लावून एका बाजूने ओढण्याची सवय अनेक वर्कशॉपमध्ये आहे आणि ती तिथेच मोडायला हवी. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. पोलादाला कटिंग ऑइल, अॅल्युमिनियमला रॉकेल, बिडाला काहीच नाही.

बंद छिद्रात तळाशी आट्यांपेक्षा चार-पाच मि.मी. जास्त खोली ठेवावी, कीस तिथे साठतो. तिसरा, सपाट टोकाचा टॅप शेवटी. मोडलेला टॅप काढण्याचे तंत्र एवढ्या वेळात मावणारे नाही. साधे ड्रिल त्यावर चालत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी बरेच नुकसान टळेल. आटे कलते पडलेच तर ते सरळ करता येत नाहीत. मापाला जागा असेल तर M8 च्या जागी M10 करता येतो. पण नुसते 8.5 चे ड्रिल घातले तर ते जुन्या छिद्रामागून जाते. ठोकळा पुन्हा क्लॅम्पने आवळून, 8.5 च्या भोकातून, अगदी हलक्या दाबाने ते उतरवावे लागते.