लेव्हल ५० म्हणजे अर्धा रस्ता नव्हे

(ऑडिओ एपिसोडचं लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळलेलं काढून टाकलंय.)

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांचे व्हॉइस नोट आले. एकच प्रश्न होता: "दादा, ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये क्राफ्टिंग पटकन कसं वाढवायचं? पैसे न भरता, आणि साध्या फोनवर?" तर आज तेच सांगतो. त्यात मी स्वतः कसा आपटलो, तेही सांगतो. ते सांगायचं नव्हतं खरं तर, पण मामी म्हणाली सांग.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रूनस्केप २००१ चा. त्याची ही 'ओल्ड स्कूल' आवृत्ती २०१३ ला आली आणि २०१८ मध्ये मोबाइलवर. चित्रं जुनाट आहेत, पण तोच आपला फायदा. गेम हलका आहे, डेटा कमी खातो. मी राहतो मामाकडे, मुरबाड तालुक्यात सरळगावच्या पुढे एका वाडीत. कॉलेज शहापूरला. रोज किन्हवलीमार्गे जीप नाही तर एसटी. त्या रस्त्यावर नेटवर्क कुठे येतं, कुठे जातं, हे मला ड्रायव्हरपेक्षा चांगलं पाठ आहे. अशा ठिकाणी हा गेम चालतो, म्हणून मी तो धरला.

आता क्राफ्टिंग. म्हणजे हाताने वस्तू बनवायच्या: चामड्याचे हातमोजे, दागिने, रत्नं कापणं. वस्तू बनवली की एक्सपी मिळतो, एक्सपी साठला की लेव्हल. लेव्हल १ ते ९९.

सुरुवात चामड्यापासून करा. लम्ब्रिजजवळ गाई आहेत, त्यांची कातडी गोळा करा. अल खारिदला चांभार बसलाय, तो एका नाण्यात एक कातडं कमावून देतो. सुई आणि दोरा घ्या. दोऱ्याचं एक रीळ पाच वस्तूंना पुरतं. पहिली वस्तू हातमोजे, एका जोडीला १३.८ एक्सपी. लेव्हल २ ला ८३ एक्सपी लागतो. सहा जोड्या केल्या की होतात ८२.८. म्हणजे ०.२ साठी सातवी जोडी शिवावी लागते! मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की हा गेम हिशेबाला पक्का आहे.

लेव्हल १४ ला चामड्याचं अंगरखं येतं, २५ एक्सपी. २० ला नीलम कापता येतो, ५० एक्सपी. २७ ला पाचू, ६७.५. ३४ ला माणिक, ८५. आणि ४३ ला हिरा, १०७.५. पैसे न भरता खेळणाऱ्याला एवढं पुष्कळ आहे. पिशवीत २८ जागा असतात. एक छिन्नीला गेली की राहतात २७ रत्नं. बँकेत उभं राहायचं, छिन्नी रत्नाला लावायची, अर्ध्या मिनिटात २७ कापून मोकळे. परत बँक, परत २७. जीपमध्ये एका हाताने होतं.

इथवर सगळे आनंदात असतात. आता गंमत बघा. लेव्हल ५० ला आलात की वाटतं, चला, अर्धं झालं. मलाही वाटलं. मी तर स्टेटस ठेवलं होतं. पण ५० ला एकूण १,०१,३३३ एक्सपी लागतात आणि ९९ ला १,३०,३४,४३१. करा भागाकार. लेव्हल ५० म्हणजे एक टक्कासुद्धा नाही! दर सात लेव्हलला लागणारा एकूण एक्सपी साधारण दुप्पट होतो. खरा अर्धा रस्ता येतो लेव्हल ९२ ला. ४३ पासून नुसते हिरे कापत ९९ ला जायचं म्हटलं, तर सुमारे १,२०,००० हिरे लागतात.

आणि ते हिरे आणायचे कुठून? गेममधल्या बाजारातून, गेममधल्या नाण्यांनी. इथे दुसरी गोची. बऱ्याचदा कच्चं रत्न महाग असतं आणि कापलेलं स्वस्त. उलटं वाटतं ना? कारण सोपं आहे. हजारो लोक एक्सपीसाठी कापत बसलेत. त्यांना हिरा नकोच आहे, लेव्हल हवी आहे. मग कापलेला माल पडेल त्या भावात जातो. म्हणजे प्रत्येक हिऱ्यामागे तुम्ही थोडा तोटा सोसता. तो तोटा हीच लेव्हलची किंमत.

माझी नाणी ५२ ला संपली. चांदी खणून मुकुट बनवायचा एक मार्ग होता. खाणकाम आणि धातू वितळवणं दोन्ही २० ला लागतं, क्राफ्टिंग २३ ला, आणि एका मुकुटाला ५२.५ एक्सपी. नाणी लागत नाहीत, फक्त वेळ लागतो. पण मला घाई होती. तेवढ्यात चॅटवर एक जण भेटला. म्हणाला, खरे पैसे दे, गेमची नाणी देतो. ६०० रुपयांना एवढी नाणी की माझे डोळे फिरले.

ते ६०० रुपये माझे नव्हते. मामी टोपल्या, सुपं विणते. पौष पौर्णिमेला म्हसाची जत्रा भरते, तुम्हाला माहीतच आहे. लोक बैलबाजार बघायला आणि घोंगडी घ्यायला येतात. मामी तिथे कडेला बसून टोपल्या विकते. त्यातून तिने मला परीक्षेच्या फॉर्मसाठी पैसे दिले होते. मी त्यातले ६०० यूपीआयने पाठवले. समोरून 'थांब' असा मेसेज आला. मग तोही डिलीट झाला. मग मी ब्लॉक. संपलं.

एक सांगून ठेवतो. नाणी आली असती तरी मी चुकलोच होतो. खऱ्या पैशांनी नाणी घेणं गेमच्या नियमात बसत नाही, अकाउंट बंद होऊ शकतं. तेव्हा कोणी स्वस्तात देतो म्हणालं, पासवर्ड मागितला, लेव्हल वाढवून देतो म्हणालं, तर पुढे बोलूच नका.

चार दिवस मी घरात गप्प होतो. फॉर्मची तारीख जवळ आली तेव्हा सांगावंच लागलं. मामी ओरडेल असं वाटलं होतं. ती कामट्या तासत होती, तशीच तासत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे चार टोपल्या गेल्या." दीडशेला एक टोपली, बरोबर चार. तिने पैशात मोजलंच नाही. मग विचारलं, "कशासाठी घेत होतास?" मी तिला सगळं समजावलं, हिरा, छिन्नी, कच्चा माल महाग, पक्का माल स्वस्त. तिला ते पटकन समजलं. माझ्या मित्रांपेक्षा लवकर. म्हणाली, "प्लास्टिकची पाटी आली तेव्हापासून माझंही तेच आहे रे. बांबू महाग, टोपली स्वस्त. पण मी शिकण्यासाठी नाही विणत. तोटा झाला तर चूल थांबते."

फॉर्मचे पैसे तिने दुसरीकडून आणले. कुठून ते मला अजून सांगितलेलं नाही. मला म्हणाली, "चार टोपल्या तू विण."

मंडळी, मी लेव्हल ५२ चा कारागीर. पहिल्या दिवशी बांबू सरळ फाडता आला नाही. कोयता एका बाजूला सरकतो आणि कामटी मध्येच पातळ होऊन तुटते. कोवळा बांबू घेतला तर मामी म्हणते, ठेव, याला कीड लागेल. वाळला असेल तर आधी पाण्यात भिजव. टोपलीचं बूड दोन दिवसांत जमलं. वाटलं, झालं की! तिथेच माझं लेव्हल ५० झालं होतं. भिंत वर चढवताना एक कामटी सैल राहिली की सगळी टोपली एका अंगाला झुकते. आणि काठ बांधणं, ते तर विचारूच नका. बोटांना चिरा पडल्या, फोनचा फिंगरप्रिंट लागेना.

गेममध्ये नीलम ते हिरा, एकही रत्न कापताना फुटत नाही. माझा शंभरावा हिरा आणि तुमचा पहिला हिरा सारखाच. एक्सपी ठरलेला, मन लावून करा नाही तर झोपेत करा. बांबूत तसं नाही. पहिली टोपली तीन दिवस घेऊन वाकडीच झाली. स्क्रीनवर काही आकडा उडाला नाही. ती विकली गेली नाही, सध्या तिच्याखाली कोंबडीची पिल्लं आहेत. दुसरी, तिसरी पावसाच्या तोंडावर मुरबाडच्या बाजारात गेल्या. तेव्हा शेतीच्या कामाला टोपल्या लागतात ना. एक दीडशेला गेली, दुसरी गिऱ्हाइकाने फिरवून फिरवून बघितली आणि शंभर दिले. त्या पन्नास रुपयांतून मला माझी लेव्हल कळली. चौथी अजून अर्धी आहे. म्हणजे मामीचे ३५० बाकी.

गेम सोडला का? नाही सोडला. खोटं कशाला बोलू. पण आता चांदीचे मुकुट करतो, स्वतः खणून. हळू होतं. सध्या ५८ ला आहे. ९९ चं स्वप्न मी काढून टाकलंय. ७० पर्यंत जाईन, तिथे हिऱ्याचं ताईत बनवता येतं, बस.

तर नवीन खेळणाऱ्यांनी तीन गोष्टी लिहून ठेवा. एक, सुरुवातीलाच ठरवा की कुठल्या लेव्हलला थांबायचं. कुठली वस्तू हवी आहे ते बघा आणि तिथेच थांबा. दोन, दर लेव्हलला किती एक्सपी लागतो तो तक्ता आधी बघा, लेव्हलचा आकडा फसवतो. तीन, नाणी संपली की गेममध्येच कमवा, वेळ घालवून. वेळ नसेल तर गेम बंद करून ठेवा, तो कुठे पळून जात नाही.

आणि तुमच्या घरात कोणी विणत असेल, घडवत असेल, शिवत असेल, तर त्यांना विचारा की नीट जमायला किती वर्षं लागली. मी मामीला विचारलं. ती म्हणाली, काठ मला अजून मनासारखा जमत नाही.

तुमची उत्तरं व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. आता थांबतो, मामी हाक मारतेय. भेटू, नेटवर्क असलं तर!