पाठीवरचे बिऱ्हाड



‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मराठीत सहसा कौतुकाने वापरली जात नाही. एका जागी न टिकणाऱ्या माणसाची कीव करताना, नाहीतर चेष्टा करताना ती ओठांवर येते. ऑस्ट्रेलियाने मात्र असे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या तरुणांसाठी १९७५ सालापासून कायद्यानेच वाट मोकळी करून ठेवली आहे. ‘वर्किंग हॉलिडे’ या नावाची ही परवानगी प्रथम ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा या देशांतील तरुणांना मिळाली. तेव्हापासून विशीतला ब्रिटिश तरुण एक मोठी पिशवी पाठीवर टाकून सिडनीला उतरतो, स्वस्त हॉस्टेलमध्ये सहा-आठ जणांच्या खोलीत एक खाट मिळवतो, आणि हातातले पैसे संपत आले की क्वीन्सलँडच्या एखाद्या मळ्यावर फळे तोडायला नाहीतर भाजी खुडायला जातो. चार पैसे गाठीला बांधले की पुढचा रस्ता धरतो. कधी केर्न्स, कधी उलुरूचा तांबडा खडक, कधी दूर पश्चिमेचे पर्थ. वर्षभराने तो घरी परततो, तेव्हा त्याच्या हाताला घट्टे पडलेले असतात, आणि ज्यांची नावेही पूर्वी ठाऊक नव्हती अशा माणसांविषयी त्याच्या मनात कृतज्ञता असते.

अशा भटकंतीत तरुण माणूस नेमके काय शिकतो, हा आजचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी ऑस्ट्रेलियापर्यंत जाण्याची गरज नाही. मुंबईहून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, मडगाव अशी वाट काढत अखेर मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, पोहोचलेल्या एका एकोणतीस वर्षांच्या तरुणाची हकीकत त्यासाठी पुरेशी आहे.

१८९२ सालच्या सप्टेंबर महिन्यातली ही गोष्ट. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस स्थानकावर पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या डब्यात बळवंतराव टिळक बसले होते. त्याच डब्यात एक तरुण संन्यासी चढला. त्याला पोहोचवायला आलेल्या गुजराती मंडळींनी टिळकांशी ओळख करून दिली आणि पुण्यात त्यांच्याकडेच उतरावे असे त्या संन्याशाला सुचवले. टिळक तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. विंचूरकर वाड्यातल्या त्यांच्या बिऱ्हाडी तो पाहुणा आठ-दहा दिवस राहिला. सामान म्हणजे एक मृगाजिन, एक-दोन वस्त्रे आणि कमंडलू. जवळ पैसा नव्हता. नाव विचारले तर आपण केवळ संन्यासी आहोत, एवढेच उत्तर मिळाले. हिराबागेत डेक्कन क्लबची सभा भरत असे. तिथे एके दिवशी काशीनाथ गोविंद नाथ यांचे तत्त्वज्ञानावरील भाषण झाले. ते संपल्यावर हा पाहुणा उठला आणि विषयाची दुसरी बाजू त्याने अस्खलित इंग्रजीत मांडली. सभेला त्याची योग्यता कळली. नंतर लौकरच तो पुण्याहून निघून गेला. पुढे शिकागोच्या धर्मपरिषदेची वार्ता आली, तेव्हा टिळकांच्या ध्यानात आले की, आपल्याकडे राहून गेलेला अनामिक संन्यासी म्हणजेच स्वामी विवेकानंद असले पाहिजेत.

या प्रसंगातली लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की, पाहुणा मोठा आहे म्हणून टिळकांनी दार उघडले नव्हते. पाहुणा कोण, हे त्यांना माहीतच नव्हते.

पुण्याहून स्वामीजी कोल्हापूरला आणि तिथून ऑक्टोबरात बेळगावला गेले. कोल्हापूर दरबारचे खासगी कारभारी गोळवलकर यांची चिठ्ठी घेऊन ते पहाटे भाटे यांच्या घरी पोहोचले. भाट्यांचे घर मराठी, वळण जुने. संन्यासी म्हणजे कसा असावा, याची चौकट त्या घरात पक्की होती, आणि हा पाहुणा तीत बसेना. तो इंग्रजी बोले, अंगात बंडी घाली, आणि जेवण झाल्यावर विडा मागे. इतकेच नव्हे, थोडी तंबाखूही मागे! घरची मंडळी चकित झाली. त्या घरचा मुलगा गणेश तेव्हा पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करीत होता. त्याच्या पाठांतरातल्या चुका पाहुणा सुधारू लागला, तेव्हा त्या मुलाचे आश्चर्य आणखी वाढले. पुढे प्राध्यापक झालेल्या गणेश भाटे यांनी या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. अपरिचित प्रवासी घरात आल्याने घराला काय मिळते, हे त्यांत दिसते. घराची चौकट मोडत नाही, थोडी रुंद होते.

बेळगावातच हरिपद मित्र नावाचे बंगाली वन-अधिकारी राहत होते. भाट्यांकडून स्वामीजी त्यांच्या घरी गेले. मित्र यांची धर्मावर फारशी श्रद्धा नव्हती. त्यांनी शंकांचा भडिमार केला आणि पाहुण्याने एकेक शंका न चिडता हाताळली. शिकागोला भरणाऱ्या परिषदेचा विषय तिथे निघाला. मित्रांनी वर्गणी गोळा करण्याची तयारी दाखवली. स्वामीजींनी ती तेव्हा मान्य केली नाही. पुढे मडगावला सुब्राय नायक यांच्याकडे त्यांचा मुक्काम झाला. जवळच्या राशोल येथील जुन्या ख्रिस्ती विद्यापीठात जाऊन त्यांनी ख्रिस्ती धर्मग्रंथांचा अभ्यास केला. म्हैसूरला दिवाण शेषाद्री अय्यर यांनी नोटांचे पुडके पुढे केले, ते त्यांनी घेतले नाही. द्यायचेच असेल तर पुढच्या मुक्कामाचे तिकीट काढून द्यावे, एवढेच मागितले.

इथे त्या ब्रिटिश तरुणाची आठवण होणे साहजिक आहे. तो हाताने काम करतो आणि मजुरीवर पुढचा प्रवास करतो. संन्याशाजवळ मजुरीचा मार्ग नव्हता. पण तोही फुकट जेवत नव्हता. कुठे संस्कृत व्याकरण, कुठे शंकासमाधान, कुठे गाणे, कुठे नुसती रात्रीपर्यंतची चर्चा, असे काही ना काही देऊन तो उठत असे. दोघांच्याही प्रवासाचा नियम एकच: जेवढे पाठीवर मावेल तेवढेच आपले, बाकी सारे समोरच्या माणसाच्या विश्वासावर अवलंबून.

१८९२ च्या डिसेंबरअखेर कन्याकुमारीला सागरातल्या शिलेवर चिंतन करून स्वामीजी पाँडिचेरीमार्गे मद्रासला आले. सरकारी हिशेब खात्यातले अधिकारी मन्मथनाथ भट्टाचार्य यांच्या सांथोम येथील घरी ते उतरले. तोवरचा त्यांचा प्रवास एकेका घराचा होता. मद्रासमध्ये प्रथमच एका शहराने त्यांना आपले मानले. संध्याकाळी तरुण जमू लागले. त्यांत ट्रिप्लिकेन भागात राहणारा अळसिंगा पेरुमाळ होता. तो शाळाशिक्षक होता. वय अठ्ठावीसच्या आसपास, वैष्णव कुळातला, मोठ्या कुटुंबाचा भार खांद्यावर, मिळकत बेताची.

या शिक्षकाने मनात घेतले की, आपल्या स्वामींनी अमेरिकेला गेलेच पाहिजे. मद्रासच्या तरुणांनी पहिली वर्गणी जमवली, तेव्हा स्वामीजींचा निश्चय झालेला नव्हता. ते पैसे गरिबांना वाटून टाका, असे त्यांनी सांगितले आणि मुलांनी ते वाटले. काही दिवसांनी पुन्हा वर्गणी सुरू झाली. अळसिंगा घरोघर फिरला. जाण्याचे मोल मुख्यतः सामान्य माणसांनी द्यावे, अशी स्वामीजींची इच्छा होती. खेत्रीच्या राजांनीही नंतर मोठे साहाय्य केले. पण आरंभीची झोळी फिरवली ती एका शाळामास्तराने. ३१ मे १८९३ रोजी ‘पेनिन्सुलर’ ही बोट मुंबईहून सुटली, तेव्हा निरोप द्यायला अळसिंगा मद्रासहून मुंबईपर्यंत आला होता.

ज्याला आपल्या देशात दारे उघडी मिळाली, त्याला परदेशात बंद दारांचाही अनुभव आला. जुलैअखेर शिकागोला पोहोचल्यावर कळले की, परिषद सप्टेंबरात आहे आणि अधिकृत परिचयपत्राशिवाय प्रतिनिधी होता येत नाही. खर्च अफाट आणि खिसा रिकामा होत चाललेला. राहणे स्वस्त पडावे म्हणून ते बोस्टनकडे गेले. आगगाडीत भेटलेल्या केट सॅनबॉर्न या प्रौढ लेखिकेने त्यांना आपल्या शेतावरच्या घरी नेले. तिथून २० ऑगस्ट १८९३ रोजी त्यांनी अळसिंगाला लिहिलेल्या पत्रात थंडी, अपुरे कपडे, पैशांची चणचण हे सारे आहे. आणि तरीही माघारी न फिरण्याचा निश्चय आहे. हार्वर्डचे प्राध्यापक जॉन हेन्री राईट यांनी त्यांची अडचण दूर केली आणि परिषदेसाठी शिफारसपत्र दिले. स्वामीजी शिकागोला परतले, तर समितीचा पत्ताच हरवला! ती रात्र त्यांनी रेल्वेच्या आवारात एका रिकाम्या खोक्यात काढली. सकाळी ते घरोघर विचारीत फिरले. मळलेले कपडे आणि वेगळा रंग पाहून अनेकांनी दारे लावून घेतली. शेवटी थकून ते रस्त्याच्या कडेला बसले. समोरच्या घराचे दार उघडले आणि श्रीमती हेल नावाच्या गृहिणीने बाहेर येऊन विचारपूस केली. त्यांनी त्यांना घरात नेले, न्याहारी दिली, आणि मग स्वतः परिषदेच्या कचेरीत पोहोचवले. ११ सप्टेंबर १८९३ चे ते जगप्रसिद्ध भाषण शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्यामागे पुण्याच्या एका वाड्याचे, बेळगावच्या एका घराचे, मद्रासच्या एका शिक्षकाचे आणि शिकागोच्या एका गृहिणीचे दार आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

१८९७ च्या फेब्रुवारीत स्वामीजी मद्रासला परतले. तरुणांनी गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढली. समुद्रकाठच्या ‘आईस हाऊस’मध्ये त्यांचा नऊ दिवस मुक्काम झाला. एके काळी अमेरिकेहून जहाजाने येणारा बर्फ साठवण्यासाठी बांधलेली ही इमारत आज ‘विवेकानंदर इल्लम’ या नावाने उभी आहे. चेन्नईला जाणाऱ्या मराठी माणसाने ती अवश्य पाहावी. मात्र पाहताना मिरवणुकीबरोबरच त्याआधीची वर्गणीची झोळीही आठवावी.

या हकीकतीचा आजच्या पालकांशी आणि मुलांशी थेट संबंध आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने भारतीय तरुणांनाही काम करीत भटकण्याची वाट खुली केली. १८ ते ३० वर्षांच्या एक हजार भारतीयांना दरवर्षी अशी परवानगी मिळते. अर्जदार पुष्कळ, म्हणून निवड सोडतीने होते. उच्च शिक्षणाची किमान दोन वर्षे झालेली असावी लागतात, इंग्रजी यावे लागते, आणि आरंभीच्या खर्चापुरते पैसे जवळ असावे लागतात. उद्या या शाळेचा एखादा माजी विद्यार्थी घरी येऊन म्हणेल, “बाबा, वर्षभर संत्री तोडीन, भांडी घाशीन आणि देश पाहीन.” तेव्हा त्या घरात काय होईल? प्रवेश निश्चित असेल, पगार ठरला असेल, तर परदेश चालतो. नुसते हिंडायला जाणे म्हणजे वर्ष वाया गेले, असा आपला हिशेब आहे.

पालकांची काळजी निराधार नाही. २३ जून २००० रोजी क्वीन्सलँडमधील चिल्डर्स या गावी मळ्यांवर काम करणारे तरुण प्रवासी राहत असलेल्या जुन्या लाकडी हॉस्टेलला रात्री कुणी आग लावली. पंधरा जण प्राणास मुकले. त्यांत सात ब्रिटिश होते. कमी मजुरी आणि फसवणूक यांच्याही तक्रारी तिथे वारंवार झाल्या आहेत. दुसऱ्या वर्षाचा परवाना हवा असेल तर ग्रामीण भागात तीन महिने ठरावीक काम करावे, अशी अट होती. त्या दाखल्यासाठी तरुण वाईट मालकाकडेही निमूट राबत. ब्रिटिश तरुणांपुरती ही अट १ जुलै २०२४ पासून काढून टाकण्यात आली. म्हणून जाणाऱ्याने कामाचा दर, राहण्याची जागा, बाहेर पडण्याचा मार्ग आणि मदतीसाठीचा दूरध्वनी क्रमांक हे आधी माहीत करून घ्यावेत. श्रद्धेच्या बळावर निघालेल्या संन्याशालाही शिकागोत परिचयपत्र लागलेच.

पण धोक्याचा विचार करून दारच लावून घेणे, हा त्यावरचा उपाय नाही. जो तरुण कधी अनोळखी दाराशी उभा राहिला नाही, त्याला आपल्या दाराशी उभा राहिलेला अनोळखी माणूस कळत नाही. आज चेन्नईत, पुण्यात, मुंबईत खोली शोधणारी हजारो मुले आहेत. घरमालकाचा पहिला प्रश्न पुष्कळदा जात कोणती, खाणे काय, गाव कोणते, असाच असतो. भाट्यांनी विडा मागणाऱ्या संन्याशाला हे प्रश्न विचारून परत पाठवले असते, तर त्यांच्या मुलाच्या अष्टाध्यायीतल्या चुका तशाच राहिल्या असत्या. नुकसान त्यांच्याच घराचे झाले असते.

शाळा हेसुद्धा एक दारच आहे. या शाळेने साठ वर्षांत जी मुले आत घेतली, त्यांपैकी कोण पुढे काय होणार, हे प्रवेशाच्या दिवशी कुणालाही माहीत नव्हते. पाटी-दप्तर पाठीवर घेऊन आलेले प्रत्येक मूल हा एक अनोळखी प्रवासीच होता. मास्तरांनी त्याचे नाव हजेरीपटावर लिहिले आणि त्याला बाकावर जागा दिली. हीरक महोत्सवाच्या वर्षी त्या मास्तरांचे स्मरण करताना अळसिंगा पेरुमाळचेही स्मरण व्हावे. मुलांनी निर्भयपणे निघावे, विचारपूर्वक निघावे. आणि जे मागे राहतील त्यांनी दाराची कडी आतून घट्ट लावू नये.