भरपाई आणि बक्षीस
(वारजे येथे माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या वारज्यापासून शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे असे पुढे गेले की खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी लागते. या परिसराला लष्करी गणवेश अपरिचित नाही. तरीही लष्करातून घरी परतलेल्या माणसाच्या मनातील एक सल आपल्याला सहसा दिसत नाही. आज त्याविषयी बोलावे, असे मी ठरविले आहे.

सैन्यात वाहनचालक, स्वयंपाकी, कारकून, भांडारपाल, तंत्रज्ञ किंवा नर्सिंग असिस्टंट म्हणून पंधरा-वीस वर्षे काढलेले अनेक जण असतात. कोणाचा मणका वाहनाच्या अपघातात दुखावलेला असतो, कोणाला यंत्रांच्या घरघरीमुळे ऐकू येईनासे झालेले असते, कोणाला अतिउंचीवरील वास्तव्यात हृदयविकार जडलेला असतो. वैद्यकीय मंडळाने तपासून त्यांना अपंगत्व निवृत्तिवेतन मंजूर केलेले असते. मात्र दरमहा ती रक्कम बँकेत जमा झाली की मन खाते. "आपण कुठे लढलो? गोळी तर दुसऱ्यांनी खाल्ली. मग हा पैसा आपण कोणत्या तोंडाने घ्यायचा?" काही जण याच संकोचापायी अर्जही करीत नाहीत.

ही भावना मुळात हीन नाही. ज्याच्या मनात सहकाऱ्यांविषयी आदर आहे, त्यालाच असे वाटते. परंतु तिच्या मुळाशी एक गल्लत आहे, ती दूर केली पाहिजे. शौर्याचे बक्षीस वेगळे आणि हानीची भरपाई वेगळी.

हा भेद आपल्याला नवा नाही. १६५९ मध्ये अफझलखानाचे पारिपत्य झाल्यावर शिवाजी महाराजांनी केलेली व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत नोंदविली आहे. पराक्रम गाजविणाऱ्यांना हत्ती, घोडे, कडी, पदके अशी बक्षिसे मिळाली. कामी आलेल्यांच्या मुलांची सोय लावण्यात आली. ज्यांना पुत्र नव्हते, त्यांच्या पत्नींना निम्मे वेतन बांधून देण्यात आले. जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम देण्यात आली. त्या जखमा रणांगणावरच्या होत्या, हे खरे. पण त्यांची मोजदाद जखमेवरून झाली. कोणी किती शत्रू मारले, हा हिशेब बक्षिसाच्या खात्यातला होता.

आजची नियमावलीही हाच भेद पाळते. २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या आदेशात अपंगत्वाच्या कारणांचे 'ए' पासून 'ई' पर्यंत पाच वर्ग केलेले आहेत. सेवेमुळे उद्भवलेला किंवा बळावलेला आजार एका वर्गात, कर्तव्यावरील अपघात दुसऱ्या वर्गात आणि शत्रूच्या कारवाईत झालेली इजा स्वतंत्र वर्गात येते. शत्रूच्या हातून जखमी झालेल्याला युद्धजखमी म्हणून वेगळे आणि अधिक दराचे निवृत्तिवेतन आहे. म्हणजे तुमच्या वाट्याला येणारी रक्कम त्या जखमी जवानाच्या ताटातून काढलेली नाही. त्याचे पान वेगळे वाढलेले आहे.

शिवाय लढाऊ आणि बिगरलढाऊ ही रेघ आपण समजतो तितकी ठळक असते का? १३ एप्रिल १९८४ रोजी 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झाले, तेव्हापासून सियाचीनमध्ये शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, हिमस्खलनाने आणि विरळ हवेने अधिक जवान गेले आहेत. २००३ च्या नोव्हेंबरपासून तेथे शस्त्रसंधी आहे. तरीही ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे १९,६०० फूट उंचीवरील सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि दहा जवान त्याखाली गाडले गेले. त्यांच्यात सातारा जिल्ह्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. ते नर्सिंग असिस्टंट होते. सहकाऱ्यांच्या प्रकृतीची काळजी वाहणे हे त्यांचे काम होते. त्या दिवशी एकही गोळी झाडली गेली नाही. म्हणून त्यांचे बलिदान उणे ठरते, असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करील काय? मग त्याच बर्फातून पायाची बोटे गमावून परतलेल्याने मान खाली का घालावी?

आपल्या शेजारच्या प्रबोधिनीकडेच पाहा. प्रशिक्षणात कायमची इजा होऊन घरी जावे लागलेल्या छात्रांचा प्रश्न २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतला आणि त्याच महिन्यात शासनाने माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ अशा छात्रांना देण्याचे जाहीर केले. या मुलांनी सीमा पाहिलेली नव्हती. पण त्यांनी आपले शरीर देशाच्या स्वाधीन केले होते आणि ते देशाच्या कामी मोडले.

न्यायालयाची भूमिकाही समजून घेण्यासारखी आहे. सिग्नल्स कोअरमध्ये १९८५ साली भरती झालेले धरमवीर सिंग अपस्माराच्या कारणाने १९९४ साली सेवेतून बाहेर पडले. वीस टक्के अपंगत्व असूनही आजार जन्मजात प्रकृतीचा ठरवून त्यांना निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी होता असे गृहीत धरावे, सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकू नये आणि शंकेचा फायदा त्याला द्यावा, हे त्या निकालाचे सार होते. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत. म्हणून प्रत्येकाने आपल्या तारखेला लागू असलेले नियम जाणकाराकडून समजून घ्यावेत.

आता दुसरी बाजू. २०१९ मध्ये करमाफीच्या निमित्ताने आणि २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाच्या निमित्ताने या निवृत्तिवेतनाविषयी प्रश्न विचारले गेले. रक्तदाब आणि मधुमेह यांवरील दाव्यांची चर्चा झाली. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितला जाणे योग्यच आहे. खोटा दावा करणारा तर खऱ्या जखमीचाही अपराधी असतो. परंतु खोटे बोलणाऱ्याला सहसा रात्री झोप लागते. झोप उडते ती प्रामाणिक माणसाची. दुसऱ्याच्या लबाडीचा दंड त्याने स्वतःच्या मनाला का भरावा?

या संकोचाची किंमत कुटुंब मोजते. बहिरेपण लपविणारा माणूस हळूहळू घरातल्या बोलण्यातून बाजूला पडतो. पाठीचे दुखणे लपविणारा उपचार लांबणीवर टाकतो. ज्या आजाराची नोंदच झाली नाही, त्याच्या आधारे पश्चात पत्नीला हक्क सिद्ध करणे फार जड जाते. माता-भगिनींनो, म्हणून कागदपत्रांची फाइल कोठे आहे आणि वैद्यकीय मंडळाच्या अहवालात काय लिहिले आहे, हे तुम्हालाही ठाऊक असले पाहिजे.

आणि तुम्हा तरुणांना एक विनंती. निवृत्त सैनिक भेटला की "काका, तुम्ही किती जणांना मारलंत?" असे विचारू नका. "तुमचं काम काय होतं?" असे विचारा. रणगाडा दुरुस्त करणाऱ्याला, लेहच्या रस्त्यावर मालवाहू गाडी हाकणाऱ्याला सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्याला आजवर कोणी विचारलेलेच नसते.

एवढे ऐकूनही ज्याच्या मनात ऋणाची भावना उरेल, त्याने ती जरूर जपावी. मात्र निवृत्तिवेतन नाकारून ती फिटत नाही. नाकारलेली रक्कम एखाद्या जखमी जवानाच्या घरी पोहोचत नसते. खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मणक्याला इजा होऊन चाकाच्या खुर्चीवर आलेले जवान तेथे राहतात. त्यांना भेटायला जा. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीत भर घाला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याला अर्ज लिहिता येत नाही अशा सोबत्याला हाताशी धरून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा. आपल्यापैकी जे कारकून होते, भांडारपाल होते, त्यांना कागदाची भाषा कळते. कालपर्यंत ती पलटणीच्या उपयोगी पडली, उद्या एखाद्या वीरपत्नीच्या उपयोगी पडेल.

बांधवांनो, भरतीच्या दिवशी तुम्ही कोठे पाठविणार, कोणते काम देणार, असे विचारले नव्हते. जेथे नेमले तेथे उभे राहिलात. कोणाला खंदकात उभे करायचे आणि कोणाला भटारखान्यात, हे देशाने ठरविले. त्या जागी तुमच्या शरीराची जी हानी झाली, तिची जबाबदारीही देशाचीच आहे. ती रक्कम संकोच न बाळगता घ्या, औषधपाणी वेळेवर करा आणि ताठ मानेने जगा.